थेंब कुठल्या पायरीवर पसरतो

त्या मंगळवारी सकाळी माझी बायको बदलापूरच्या बाजारात भाजी घेताना खाली बसली आणि उठली नाही. भाजीवालीने तिच्याच फोनवरून मला फोन केला. मी उल्हासनगरला, कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं आणि मग बाकीचं सांगितलं. दुपारी तिला घरी आणलं. संध्याकाळी नेलं. घरात तिचा कॉम्प्युटर चालू होता.

तो हॉलमध्येच असायचा, खिडकीखाली, कारण दुसऱ्या खोलीत वारा येत नाही. त्याच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे आहेत. गुलाबी, मग हिरवा, मग निळा, असे ते आपोआप बदलत राहतात. माणसं सतरंजीवर बसली होती आणि प्रत्येकाच्या तोंडावर आळीपाळीने ते रंग पडत होते. माझी वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भावोजी, हे बंद करू का? बरं दिसत नाही."

"नको," मी म्हणालो. "तिचं काम चालू आहे."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, आणि मग एक चादर आणून दिव्यांच्या बाजूला टाकली. मी पंख्याच्या तोंडावरून ती थोडी सरकवली. हवा अडली की मशीन तापतं, एवढं मला माहीत होतं. त्याच्या कामाबद्दल तेव्हा मला जवळजवळ तेवढंच माहीत होतं.

दिव्यांची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तिच्याबद्दल भलता समज व्हायचा. हे मशीन आम्ही उल्हासनगरच्या बाजारात जोडून घेतलं होतं. दुकानदार सिंधी, साठीचा, चष्मा कपाळावर. त्याने तिची यादी वाचली आणि विचारलं, "मॅडम, बेटे के लिए? गेमिंग?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

"आप गेम खेलती हो?"

"नाही हो. थेंब बघायचेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून. त्याने जास्त काही विचारलं नाही, पण सगळ्यात चांगले पंखे असलेलं कॅबिनेट दिव्यांवालंच आहे, बिनदिव्याचं मागवलं तर महिना लागेल, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या दिवे. थेंबांना काय त्याचं." निघताना त्याने आपणहून माउसखाली ठेवायचं एक पॅड दिलं. त्यावर ड्रॅगन होता. पाच वर्षं ती त्या ड्रॅगनवर हात ठेवून बसली.

ती अंबरनाथच्या एमआयडीसीत शाईच्या कारखान्यात केमिस्ट होती. लिहायची शाई नव्हे, प्लास्टिकच्या पिशव्यांवर छापायची. फरसाणाच्या, धने-जिऱ्याच्या पिशव्या असतात, त्यांवरची. बावीस वर्षं तिने शाई तपासली. आणि या कामातल्या दोन गोष्टी तिच्या मनातून कधी गेल्या नाहीत.

पहिली म्हणजे गोदामातला एक ड्रम. रोलर धुवायचं एक मिश्र सॉल्व्हंट त्यात असे. चामटोलीचे एक काका तिथे स्टोअर सांभाळायचे. त्यांनी तिला नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं, "मॅडम, यो माल थंडीन फाटतं, न वैशाखान परत येक व्हतं. तुमी रिपोर्टान खराब म्हनून लिवू नका." तिने काचेच्या बाटलीत नमुना काढून पाहिला. खरंच दोन थर होते, मध्ये स्वच्छ रेघ. बाटली उन्हात ठेवली. दुपारी रेघ गेली होती. सावलीत आणली तशी सगळी बाटली आधी धुरकट झाली आणि मग पुन्हा रेघ आली. तिने त्या दिवशी ती बाटली चार वेळा उन्हात नेली आणि चार वेळा आत आणली. काका म्हणाले म्हणे, "लगीन लावताय का त्यांचा?"

मी घरी तिला म्हणालो होतो, म्हणजे मिसळीच्या तर्रीसारखं. ती म्हणाली, "तर्री कधी मिसळते का? कितीही उकळा, वरच राहते. हे दोघं मिसळतात. एका ठरावीक तापमानाला मिसळतात, एखादा अंश खाली आलं की वेगळे होतात. त्यांना ते तापमान कळतं कसं?"

दुसरी गोष्ट उल्हासनगरच्या एका पिशव्या छापणाऱ्या शेठची. त्याचा फोन आला की शाई खराब आहे, छपाईत डोळे पडतात. डोळे म्हणजे शाईत मध्येच पडणारी गोल, कोरी भोकं. कारखान्यात त्यांना फिशआय म्हणतात. ती तिथे गेली. शेठने तिच्यासमोर पिशवी नाचवली. "देखो भाभी, मोर के पंख में छेद ही छेद. लोग बोलेंगे मोर को कीडा लगा है."

ती मशीनभोवती दोनदा फिरली. एक रोलर कुईकुई करू नये म्हणून ऑपरेटरने सकाळी त्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारला होता. पिशवीच्या रोलवर तो थेट मारलाही नव्हता, फक्त हवेत उडाला होता. पण जिथे जिथे त्याचा कण बसला तिथून शाई मागे सरली होती. शेठला हे पटेना. "इतना सा?" त्याने चिमूट दाखवली. "इससे भी कम," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी रोलर पुसून, नवा रोल लावून छापलं तेव्हा मोर बरा झाला. शेठने माझ्यासाठी म्हणून पापडाचं पाकीट पाठवलं.

त्या संध्याकाळी ती पापड भाजता भाजता म्हणाली, "शाई तीच, पिशवी तीच. वरच्या एका थराने ठरवलं की पसरायचं नाही. मला हे खालून बघायचंय. म्हणजे पिशवीच्या, भिंतीच्या बाजूने."

खालून बघायला तिने चव्वेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलं. प्रयोगशाळेत एवढं लहान काही दिसणार नव्हतं, आणि नोकरी सांभाळून प्रयोगशाळेत बसायला वेळही नव्हता. म्हणून कॉम्प्युटर. तिचे गाइड तिच्याहून दहा वर्षांनी लहान, सोलापूरकडचे, आता चिखलोलीला नव्या इमारतीत राहतात. ते तिला ताई म्हणत आणि ती त्यांना सर म्हणे. मी त्यांचा दाजी झालो.

तिचं काम काय होतं ते आता मी सांगू शकतो. तेव्हा सांगू शकलो नसतो. कॉम्प्युटरमध्ये एक डबा आहे. डब्यात दोन प्रकारचे कण, काही हजार. ती त्यांना पिवळे आणि निळे रंगवायची. पिवळ्यांना पिवळे जवळचे वाटतात, निळ्यांना निळे. एकमेकांशीही ओढ असते, पण कमी. थंड ठेवलं तर दोघं वेगळे होतात, तापवलं तर मिसळतात. तो गोदामातला ड्रमच. फक्त या डब्याला तळाशी एक भिंत आहे आणि त्या भिंतीला पिवळे थोडे जास्त आवडतात. डब्याच्या उजव्या बाजूने बाहेर गेलेला कण डावीकडून आत येतो, म्हणजे कडा अशी कुठे नाहीच. प्रत्येक कणाला दुसरे किती ओढतात, किती ढकलतात, हे मशीन मोजतं, सगळ्यांना केसभर हलवतं आणि पुन्हा मोजतं. आमच्या हॉलमध्ये असे तीन दिवस गेले की त्या डब्यात सेकंदाचा एक कोटीवा भागही झालेला नसे.

आता थंडीत, म्हणजे कमी तापमानाला, पिवळ्यांचा भिंतीवर एक थेंब बसतो, पालथ्या वाटीसारखा. तापमान वाढवत नेलं की वाटी बसकी होते, बशी होते. आणि दोन्ही द्रव मिसळण्याच्या बरंच आधी, एका तापमानाला, ती बशी एकदम पसरते. भिंत पूर्ण भिजते. भिंत आणि निळे यांच्यामध्ये पिवळ्यांचा सलग थर येतो. ते तापमान नेमकं कोणतं, हा तिचा तिसऱ्या प्रकरणाचा प्रश्न होता. तिने अकरा तापमानं घेतली होती आणि वहीत त्यांना पायऱ्या म्हटलं होतं. पहिली सगळ्यात थंड. थेंब सातव्या पायरीवर पसरत होता. "सातवी पायरी" हे तिच्या पाच वर्षांचं उत्तर होतं.

प्रबंध दाखल करण्याआधी एक सादरीकरण असतं. त्यात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला एकच प्रश्न विचारला. तुम्ही दर वेळी थेंबापासून सुरुवात केली आणि तो सातवर पसरला. समजा, आधीच पसरलेल्या थरापासून सुरुवात केली आणि खाली उतरलात, तर सहाव्या पायरीवर तो परत गोळा होऊन थेंब होईल का? झाला, तर सात खरं. नाही झाला, तर तुमचं सात म्हणजे फक्त थेंबाचा आळस आहे.

"ते 'आळस' म्हणाले?" मी विचारलं.

"इंग्रजीत म्हणाले. पण आळसच."

तिने थरापासूनचे रन सुरू करायचं ठरवलं; रन म्हणजे मशीनवरची एक पूर्ण फेरी. मंगळवारी चालू होता तो त्यातला पहिला.

शुक्रवारी सकाळी नऊला लाईट गेली. आमच्याकडे दुरुस्तीसाठी शुक्रवारी लाईट जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी भरून ठेवतात, मिक्सरचं काम आधी उरकतात. तीही गुरुवारी संध्याकाळी रन थांबवून ठेवायची. मला ते सुचलं नाही. यूपीएस वीस मिनिटं ओरडत राहिला आणि मग दिवे गेले. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, चादर उचलून तिने घडी केली.

दहावा-तेरावा झाल्यावर गाइड आणि त्यांची बायको स्कूटरवरून आले. त्यांनी चहा घेतला. मग म्हणाले, "दाजी, प्रबंध दाखल झाला नव्हता. त्यामुळे पदवीचं काही होणार नाही. मी विचारून बघितलं. पण तिसरं प्रकरण पेपर म्हणून जाऊ शकतं. ताईंचं नाव पहिलं. तेवढा तो प्रश्न सुटला पाहिजे."

"सुटेल?"

"युनिव्हर्सिटीच्या मशीनवर टाकतो. आठवडाभराचं काम आहे."

मी म्हणालो, "मला करू द्या."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मी ग्रंथपाल आहे. शाळेनंतर विज्ञान शिकलेलो नाही. "मला जमलं नाही तर तुम्ही करा," मी म्हणालो. "आठवड्याच्या जागी सहा महिने लागले तर कुणाचं काही अडतंय का?"

"तसं नाही अडत," ते म्हणाले.

मला हे का हवं होतं ते त्यांना सांगितलं नाही. पाच वर्षं ती माझ्यापासून सहा फुटांवर बसून काहीतरी बघत होती आणि मी वाचत होतो. मी मधून विचारायचो, "झालं का?" ती म्हणायची, "होतंय." एवढंच आमचं बोलणं. आणि दुसरं, सात हे एकच उत्तर पूर्णपणे तिचं होतं. शाई कारखान्याची होती, नोकरी घरासाठी होती. सात टिकावं असं मला वाटत होतं, आणि ते टिकताना मला पाहायचं होतं.

तिची वही मराठीत होती, हे माझं नशीब. "फोल्डरची कॉपी कर. नाव बदल. फाईल उघड. तापमानाची ओळ बदल. सुरू कर. पाच मिनिटं बस, लगेच उठू नकोस, पहिल्या पाच मिनिटांतच फुटतं." ही तिने स्वतःलाच दिलेली ताकीद होती. मी ती शब्दशः पाळली. पहिले काही दिवस काहीच चाललं नाही. मशीन इंग्रजीत काहीतरी म्हणायचं आणि थांबायचं. मी ते वाक्य कागदावर उतरवायचो आणि एकेक शब्दाचा माग काढायचो, ग्रंथालयात एखादा वाचक अर्धवट नाव घेऊन येतो तसं. मग एका रविवारी रन सुटला. कणांचं चित्र हललं. मी पाच मिनिटं बसलो. नंतर तासभर बसलो.

काय सांगू, बघत राहावंसं वाटतं. कुठलाही एक पिवळा कण धरला तर तो वेड्यासारखा भटकत असतो, त्याला थेंब वगैरे काही माहीत नसतं. पण नजर जरा मागे घेतली की थेंब असतो, त्याला आकार असतो, भिंतीशी त्याचा एक कोन असतो. थेंबातून कण बाहेर पडतात, बाहेरचे आत येतात, थेंब तोच. मला हे तिला विचारायचं होतं की थेंब म्हणजे नक्की कोण. ती हसली असती. मग तिने काहीतरी आकडा सांगितला असता.

मी सहाव्या पायरीचा रन केला, थरापासूनचा. तीन दिवस लागले; गुरुवारी संध्याकाळी थांबवला, शुक्रवारी लाईट आल्यावर पुन्हा सुरू केला. संपल्यावर शेवटचं चित्र उघडलं. भिंतीवर थेंब होता, बशीसारखा बसका. थर गोळा झाला होता. मी तिच्या जुन्या, थेंबापासूनच्या सहाव्या रनचे आकडे शेजारी ठेवले. कोन तोच. ऊर्जा तीच. शेवटच्या दशांशापर्यंत सगळं जुळत होतं.

वर्ष व्हायचं होतं, तरी मी पेढे घेतले. कुणी पाहू नये म्हणून पिशवीत तळाशी ठेवले आणि चिखलोलीला गेलो.

गाइडनी पेढ्याकडे पाहिलं, मग माझ्या कागदाकडे. कागद त्यांनी बराच वेळ खाली ठेवला नाही.

"दाजी, एवढं जुळत नसतं."

"चांगलं नाही का मग?"

"दोन वेळा पोहे केले तर दोन्हीत शेंगदाणे मोजून सारखे येतील का? दोन वेगळ्या सुरुवातींनी एकच उत्तर आलं, तर ते साधारण सारखं येतं. हुबेहूब येत नाही. पहिलं चित्र बघितलंत का?"

पहिलं चित्र मी बघितलं नव्हतं. शेवटचंच बघितलं होतं. आम्ही पेन ड्राइव्ह लावला. पहिल्या चित्रातही थेंब होता. मी फोल्डरची कॉपी केली होती आणि त्याला "थर" असं नाव दिलं होतं, पण आतल्या फाईलमध्ये सुरुवात कुठून करायची ती ओळ बदलायची राहिली होती. मशीनने तिचाच जुना रन इमानाने परत करून दिला होता. चाळीस पुस्तकांमागे एकदा आमच्याकडे हेच होतं. पाठीवरची चिठ्ठी बदलते आणि आत पुस्तक दुसरंच असतं. दर वर्षी नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगतो, चिठ्ठीवर जाऊ नका, शीर्षकपान उघडा. गाइडनाही मी हे सांगितलं.

"पेढा मात्र चांगला आहे," गाइड म्हणाले. "कुठला?"

"स्टेशनजवळचा."

"तरीच. आमच्याकडे अजून स्टेशनच नाही, पेढा कुठून येणार."

त्यांच्या बायकोने त्यांना गप्प बसायची खूण केली, पण मला ते बरं वाटलं.

ती ओळ बदलून मी पुन्हा सहावी पायरी चालवली. या वेळी पहिलं चित्र बघितलं. भिंतीवर पिवळ्यांचा सलग थर होता, शेतात भात लावल्यासारखा. तीन दिवसांनी शेवटचं चित्र उघडलं. थर तसाच. जास्त चालवलं, आणखी तीन दिवस. तसाच. मग पाचवी पायरी. पाचव्या पायरीवरही थर हलला नाही. चौथ्यावर मात्र दुसऱ्या दिवशी त्याला एक भोक पडलं. पिशवीवर पडायचं तसं गोल, कोरं. ते मोठं होत गेलं आणि पिवळे एका बाजूला गोळा होऊन थेंब झाले. मला तो शेठ आठवला आणि मी एकटाच हसलो. मग लक्षात आलं की हे हसण्यासारखं नाही. वर जाताना थेंब सातवर पसरतो, खाली येताना थर चारवर मोडतो. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, आणि सात तर नक्कीच नाही.

मी गाइडना फोन केला नाही. आठवडा गेला, दुसराही गेला. रोज संध्याकाळी कॉलेजमधून आल्यावर मी मशीनसमोर बसायचो आणि नवं काही सुरू करायचो नाही. मनात एक विचार होता, तो लिहायला हवा. पेपरमध्ये थरापासूनच्या रनचा उल्लेखच केला नाही तर काय होईल? परीक्षकांचा प्रश्न एका खोलीत विचारला गेला होता. ती खोली आता कुणाला आठवणार? "सात" छापून येईल, तिच्या नावाखाली, आणि जगात कुणाचं काही बिघडणार नाही. चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक वर्षानुवर्षं कुणी मागत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

सातच्या बाजूने काही सापडतं का म्हणून मी वही पहिल्यापासून वाचायला घेतली. तिसऱ्या वर्षाच्या पानांत मला सात सापडलं नाही. तिथे आठ होतं. पानभर आठच होतं, एका ठिकाणी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पुढे चार पानांनंतर आठ खोडून शेजारी सात लिहिलं होतं, आणि त्यापुढे फक्त एवढंच: "जास्त वेळ चालवलं. आठच्या आधीच पसरतो." बस. हळहळ नाही, उद्गारचिन्ह नाही.

ती संध्याकाळ मला आठवली. पानावर तारीख होती आणि त्या दिवशी आमच्याकडे तिच्या माहेरचं कुणीतरी आणलेले वाल होते. ती जेवताना म्हणाली होती, "आज एक चुकलेलं सापडलं." मी वाचत होतो. "मोठं का?" मी विचारलं. "हो, चांगलं मोठं," ती म्हणाली आणि तिने वाल परत वाढून घेतले. मला वाटलं होतं कारखान्यातलं काहीतरी असेल.

वही मिटून मी जेवणाची भांडी घासायला गेलो. एका ताटलीच्या अर्ध्या भागाला साबण लागला होता, उरलेला अर्धा तेलकट होता. वरून पाणी सोडलं. साबणाच्या बाजूला पाणी पातळ पसरलं, तेलकट बाजूला मागे सरून थेंब झालं, आणि मध्ये एक कड उभी राहिली. ती कड हळूहळू सरकत होती. मी नळ बंद करून पाहत उभा राहिलो. म्हणजे थेंबापासून सुरू करायचं नाही, थरापासूनही नाही. अर्ध्या भिंतीवर थर ठेवायचा, अर्धी कोरी ठेवायची, आणि कड कुठल्या बाजूला सरकते ते बघायचं. आळस करायला दोघांनाही जागा राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी गाइडना फोन करून आधी चार आणि सहाचं सांगितलं, मग ताटलीचं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "दाजी, ही जुनी युक्ती आहे. असंच करतात."

"अच्छा."

"मी पुढच्या आठवड्यात तुम्हाला तेच सांगणार होतो. पण भांडी घासताना सुचली ना? मग तुमची पण आहे. करा." आणि थोड्या वेळाने, "सात गेलं याचं वाईट वाटून घेऊ नका. ताईंनीच मोडलं असतं. चार महिन्यांआधी मोडलं असतं."

"तिने आठ मोडलं होतं," मी म्हणालो.

"माहीत आहे. मला फोन करून सांगितलं होतं, तेही हसत. मला वाटलं पगार वाढला."

अर्धी-अर्धी भिंत तयार करायला मला तीन आठवडे लागले. पिवळ्यांचा अर्धा थर कापायचा, पण कापलेल्या कडेला कण एकमेकांवर चढले की रन लगेच फुटतो, म्हणजे कण उधळतात आणि मशीन थांबतं. पहिल्या पाच मिनिटांत नऊ वेळा फुटलं. दहाव्या वेळी टिकलं. सहाव्या पायरीवर कड कोऱ्या बाजूला सरकली, सावकाश, मधून मागे येत, पण सरकली. अखेर सगळी भिंत भिजली. चौथ्या पायरीवर उलटं झालं. कड थरात आत आत गेली आणि थेंब उरला. हे दोन्ही मी पूर्ण पाहिलं, म्हणजे कॉलेजच्या वेळा सोडून.

पाचव्या पायरीवर कड कुठेच गेली नाही. सोमवारी थोडी डावीकडे होती, बुधवारी उजवीकडे, शनिवारी पुन्हा जवळजवळ होती तिथे. मी गाइडना चित्रं पाठवली. त्यांनी लिहिलं, "हेच ते. इथे थेंब आणि थर बरोबरीत आहेत. पण एका रनवर कुणी विश्वास ठेवणार नाही. वेगवेगळ्या सुरुवातींनी आणखी तीन करा. शीर्षकपान बघून."

पेपरच्या मसुद्यात आता सातच्या जागी पाच आहे, आणि पाचच्या आधी "बहुधा" असा शब्द आहे. तो शब्द काढायला पाचव्या पायरीचे आणखी तीन रन लागतील. ते व्हायचे राहिले आहेत.